बूस्ट नको, ब्रेक हवा!

'इम्युनिटी' हा शब्द २०२० च्या आधी आपल्या आयुष्यात कुठे होता, आठवतंय? शाळेच्या सायन्सच्या पुस्तकात आणि च्यवनप्राशच्या जाहिरातीत. बस्स! मग करोना आला आणि हा शब्द पाहुणा म्हणून आला तो घरजावईच होऊन बसला. आता आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या मशीनशेजारी आलं-हळद-लिंबाचा 'इम्युनिटी शॉट' मिळतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी आवळ्याचे गुण येऊन पडतात. आणि कुणी दोनदा शिंकलं की शेजारच्या डेस्कवरून निदान ठरलेलं, "तुझी इम्युनिटी वीक झालीये गं. बूस्ट कर!"

माझ्या बाबतीत हा सल्ला जरा गडबडीचा आहे. माझी इम्युनिटी वीक नाही. ती ओव्हरटाइम करते. कुणी सांगितलेलं नसताना, समोर शत्रू नसताना, रात्रंदिवस. आणि तिचं कामाचं ठिकाण म्हणजे माझ्या हातांची बोटं.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. निदान झालं तेव्हा मी २८ वर्षांची होते, आता ३२ ची आहे. आर्थ्रायटिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिन्याच्या कठड्याला धरून चढणाऱ्या आजी येतात. पण आजीचे गुडघे वापरून वापरून झिजलेले असतात. माझे सांधे झिजले नव्हते. त्यांच्यावर माझ्याच रक्तातल्या पेशी हल्ला करत होत्या. हा आजार कुठल्याही वयात होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पटींनी जास्त दिसतो.

सुरुवात अगदीच साधी झाली. सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडेना. बोटातली अंगठी निघेना. ऑफिसला जाताना स्कूटीचा ब्रेक दाबायचा तर चारही बोटं काठीसारखी ताठ. गंमत म्हणजे दहा-साडेदहापर्यंत सगळं सैल व्हायचं आणि मी इतरांसारखीच खटाखट टायपिंग करायचे. "माऊसमुळे होतंय," "एसीमुळे होतंय," "स्ट्रेस आहे, योगा कर," सगळं ऐकून झालं. मग एक दिवस दोन्ही हातांची तीच तीच बोटं सुजली. अगदी आरशात बघावं तशी. तिथून रक्ततपासण्या, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि शेवटी रुमॅटॉलॉजिस्ट बाईंच्या टेबलासमोरची खुर्ची.

त्या म्हणाल्या, "तुमची सैन्यं उत्तम आहेत. फक्त त्यांना थांबायचं कळत नाहीये."

या वाक्याचा अर्थ लावण्यात माझी चार वर्षं गेली आहेत.

कापलेल्या बोटाची गोष्ट

आधी सैन्य नीट चालतं तेव्हा काय होतं ते बघू. ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेकअपचा रिपोर्ट काढा. कोलेस्टेरॉल आणि शुगर बघून आपण तो मिटतो. पण पहिल्या पानावर सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा असतो. दर मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,०००. त्याखाली पाच नावं: न्यूट्रोफिल्स, लिम्फोसाइट्स, मोनोसाइट्स, इओसिनोफिल्स आणि बेसोफिल्स. ही तुमच्या सिक्युरिटी स्टाफची हजेरी आहे!

आता समजा, रविवारी हौसेने कांदा चिरायला बसलात आणि सुरी बोटाला लागली. सुरीवरचे, कातडीवरचे जंतू आत शिरले. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायमच्या वस्तीला असतात. नावाचा अर्थच 'मोठा खादाड'. त्या पहिल्यांदा तोंड उघडतात, जंतू गिळतात आणि रसायनं सोडून बोंब मारतात. त्या आरडाओरड्याने जवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल्सची फौज बाहेर पडते. बोट लाल होणं, गरम होणं, सुजणं, ठणकणं म्हणजे ही सगळी धावपळ. सूज हा आजार नसतो. तो कामावर आलेला माणसांचा लोंढा असतो.

न्यूट्रोफिल म्हणजे फ्रेशर्सची बॅच समजा. आपल्या हाडांतला मगज रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल्स तयार करतो. म्हणजे दहा हजार कोटी! आणि त्यांचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. येतात, जंतू गिळतात, आतल्या आत जाळून टाकतात. कधी कधी तर स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवतात. हा प्रकार शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये पहिल्यांदा मांडला. जखमेतला पू आपण तोंड वाकडं करून पुसतो ना, तो बराचसा या मेलेल्या न्यूट्रोफिल्सचाच असतो.

पेशी जंतू खातात हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं माहितीये? इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाच्या. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना शहरात, समुद्रकाठच्या घरात, त्याने स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लांमध्ये बागेतल्या गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकात बघितलं तर फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातला होता. त्या एका निरीक्षणातून पुढचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर विभागून मिळालं.

बोटाकडे परत येऊ. पहिली फळी लढत असतानाच डेंड्रिटिक नावाच्या पेशी जंतूंचे तुकडे घेऊन जवळच्या गाठीत जातात. हाताला लागलं की काखेत, पायाला लागलं की जांघेत. तिथे दुखरी गाठ आली की माझी आजी म्हणायची, "अवधण आलंय." त्या गाठीत असतात लिम्फोसाइट्स, म्हणजे टी सेल आणि बी सेल. प्रत्येक टी सेलचा रिसेप्टर वेगळा, जणू प्रत्येकीच्या हातात वेगळी किल्ली. जिची किल्ली आणलेल्या तुकड्याला लागते ती पेशी निवडली जाते आणि तिच्या धडाधड कॉपीज निघतात. या कामाला चार-पाच दिवस सहज लागतात. नव्या व्हायरसच्या तापातून उठायला आठवडा जातो तो म्हणूनच. किलर टी सेल बाधित पेशींना मारतात, बी सेल अँटिबॉडीज बनवतात आणि काही पेशी 'मेमरी' म्हणून मागे राहतात. लस म्हणजे याच मेमरीची रंगीत तालीम.

इथवर बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण मला सगळ्यात भावलेला भाग पुढचा आहे. लढाई जिंकली की काय होतं? त्या कोट्यवधी कॉपीजपैकी ९० टक्क्यांहून जास्त टी सेल स्वतःहून मरून जातात. आयटीच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट संपल्यावर बेंचवरसुद्धा ठेवत नाहीत! आणि तेच मॅक्रोफेज, ज्यांनी आधी बोंब मारली होती, ते मेलेले न्यूट्रोफिल्स गिळून टाकतात, सूर बदलतात आणि जखम भरण्याची रसायनं सोडायला लागतात. सूज उतरते. खपली धरते. तुमचं बोट पुन्हा तुमचं होतं.

थांबणं हासुद्धा लढाईचाच भाग आहे. माझ्या सांध्यांमध्ये तोच नेमका गळलाय.

इंटरव्ह्यूत ९५ टक्के नापास

एर्लिशला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच एक प्रश्न पडला होता. ही फौज स्वतःच्याच शरीरावर उलटली तर? तो म्हणाला, शरीर याची जणू धास्ती घेऊन असतं, ते असं होऊ देत नाही. त्याने त्याला एक भारदस्त लॅटिन नाव दिलं, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. पुढे अनेक वर्षं डॉक्टरांनी त्याचा अर्थ 'असं होतच नाही' असा घेतला. १९५० च्या दशकात पुरावे जमायला लागले आणि कळलं की होतं. चांगलं होतं!

मग सगळ्यांनाच का होत नाही? एक उत्तर छातीच्या हाडामागे आहे. तिथे थायमस नावाची ग्रंथी असते. टी सेल जन्मतात हाडांच्या मगजात, पण त्यांचं ट्रेनिंग थायमसमध्ये होतं. तिथे दोन परीक्षा असतात. पहिली, किल्ली चालते का? दुसरी, ही किल्ली घरच्याच कुलपाला तर लागत नाही ना? जी स्वतःच्या शरीरावर चवताळून उठते ती पेशी तिथेच मारली जाते. शंभरातल्या ९५ हून अधिक पेशी या ट्रेनिंगमधून जिवंत बाहेर पडत नाहीत. आपण कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रिजेक्शनला रडतो, इथे रिजेक्ट झालेला घरीच जात नाही!

तरीही काही चुकार पेशी निसटतात. प्रत्येकाच्या शरीरात निसटतात, तुमच्याही. त्यांना आवर कोण घालतं, या प्रश्नाला २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जपानचे शिमोन साकागुची हे त्यातले एक. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदरांमध्ये इम्युनिटी कमी होईल असं वाटावं. झालं उलटंच. त्यांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच अवयवांवर तुटून पडली. निरोगी उंदरांच्या टी सेल त्यांना दिल्या तर मात्र ते वाचत होते. म्हणजे टी सेलमध्येच कुणीतरी होतं जे बाकीच्यांना धरून ठेवत होतं. बहुतेक शास्त्रज्ञांनी तेव्हा ही कल्पना मोडीत काढली होती, तरी साकागुचींनी वर्षानुवर्षं चिकाटी सोडली नाही. १९९५ मध्ये त्यांनी ही पेशी ओळखून दाखवली. आज तिला 'रेग्युलेटरी टी सेल' म्हणतात.

उरलेले दोघे अमेरिकेतले, मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल. त्यांच्याकडे 'स्कर्फी' नावाची उंदरांची एक जात होती. कोंडा झाल्यासारखी खवलेदार कातडी, सुजलेल्या गाठी आणि नरांचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. २००१ मध्ये त्यांनी त्यामागचं बिघडलेलं जनुक शोधलं, फॉक्सपी३. माणसांमध्ये तेच जनुक बिघडलं की मुलग्यांना लहानपणीच एक गंभीर ऑटोइम्यून आजार होतो. पुढे दोन वर्षांत धागा जुळला. रेग्युलेटरी टी सेल घडवणारं मुख्य जनुक हेच.

या नोबेलचा किस्सा तर खास आपल्यासारख्यांसाठी आहे. ब्रंकाउ बाईंना स्वीडनहून फोन आला तेव्हा त्यांनी तो स्पॅम समजून उचललाच नाही! आणि रॅम्सडेल बायकोबरोबर डोंगरात भटकत होते, फोन एअरप्लेन मोडवर. रेंज आल्यावर मेसेज बघून बायको किंचाळली, तर त्यांना वाटलं अस्वल आलं. वर्क-लाइफ बॅलन्स म्हणतात तो हा.

या पेशी करतात तरी काय? त्या कुणाला मारत सुटत नाहीत. चवताळलेल्या टी सेलना वाढायला जे रसायन लागतं ते स्वतःच शोषून घेतात आणि हल्ल्याची ऑर्डर देणाऱ्या पेशींना गप्प करतात. आपल्या प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतो बघा, जो मीटिंगमध्ये आवाज चढले की म्हणतो, "थांबा रे, आधी चहा घेऊ." अप्रेझलमध्ये त्याला कधी रेटिंग मिळत नाही. तो रजेवर गेला की कळतं.

रविवारची गोळी

माझ्या शरीरात तो रजेवर गेला. का गेला, याचं एकच कारण नसतं. काही जनुकं, काही हार्मोन्स, काही बाहेरच्या गोष्टी. सिगारेट हे त्यातलं पक्कं ठरलेलं कारण (मी ओढत नाही, तुम्ही ओढत असाल तर हे एक जास्तीचं निमित्त धरा). सांध्याच्या आत एक पातळ, मऊ अस्तर असतं. तिथे टी सेल, बी सेल, मॅक्रोफेज सगळे जमतात आणि अस्तर जाड, सुजकं होतं. मग ते शेजारची कूर्चा आणि हाड खायला लागतं. एकदा खाल्लेलं हाड परत येत नाही. म्हणून औषध लवकर सुरू करायचं असतं.

माझं औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं, म्हणून मी फोनला रविवार रात्रीचा अलार्म लावलेला. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. दर काही आठवड्यांनी लिव्हरची आणि रक्ताची तपासणी. ऑफिस पार्टीत हातात लिंबू सोडा.

या दोन गोळ्यांच्या मागे एक आपला माणूस आहे, यल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरमला जन्मले, १९२० च्या दशकात अमेरिकेला गेले. लेडर्ली कंपनीत त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि मग त्याचाच रस्ता अडवणारी औषधंही बनवली. ती औषधं आधी ब्लड कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी वापरली गेली. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. खूप कमी डोसमध्ये ते सांध्यांवरही चालतं हे नंतर कळलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. सुब्बाराव १९४८ मध्येच गेले. रविवारी एक गोळी आणि सोमवारी तिचा उतारा घेताना मला दर वेळी वाटतं, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावरून आल्यात.

पण इम्युनिटी दाबायचं औषध घेते म्हटलं की घरात भूकंप होतो. सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा पुढे करायच्या. "अगं, घोटभर घे. घरच्या वेलीचा आहे."

"अहो आई, माझ्या डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"काढ्याने कुणाचं काय बिघडलंय?"

बिघडू शकतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती आणि ही इजा ऑटोइम्यून प्रकारची दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण मी आधीच लिव्हरवर ताण देणारी गोळी घेते, शिवाय माझी फौज आधीच चवताळलेली. मी सासूबाईंना शांतपणे सगळं समजावलं. टी सेल, थायमस, परीक्षा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, काढ्याचा पेला बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागलाय. मग त्याला दूधभाकरी वाढवून काय उपयोग?"

नोबेल समितीलाही इतकं थोडक्यात जमलं नसतं!

कुत्रा बांधून ठेवायलाही किंमत पडते, हेही खरं. मध्यंतरी माझी सूज आटोक्यात येईना, तेव्हा बायोलॉजिक इंजेक्शनचा विषय निघाला. टीएनएफ नावाचं एक रसायन सांध्यातली आग पेटती ठेवतं. ते अडवलं तर आग विझते, हे लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन या दोघांनी १९९० च्या दशकात रुग्णांवर दाखवून दिलं. मैनी मूळचे लुधियानाचे. पण इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करायला सांगितली. मला खोकलासुद्धा नव्हता! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आपल्या देशात कितीतरी जणांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात. मॅक्रोफेज त्यांच्याभोवती भिंत बांधून पहारा देतात आणि ती भिंत टिकवायला टीएनएफच लागतं. ते अडवलं तर भिंत ढासळते, टीबी जागा होतो.

त्या दिवशी लोकलइतक्या गच्च भरलेल्या वेटिंग रूममध्ये बसून मला पहिल्यांदा माझ्या पेशींबद्दल बरं वाटलं. माझी बोटं खाणारेच माझी फुप्फुसं सांभाळत असतील. टेस्ट निगेटिव्ह आली. पुढे औषधांची जुळवाजुळव बदलून बघितली, सूज उतरली आणि इंजेक्शनची वेळ आली नाही.

बारा आठवडे

आता खरा मुद्दा. आम्हाला मूल हवंय.

मेथोट्रेक्सेट चालू असताना गरोदर राहणं बाळासाठी धोक्याचं. आधी ते बंद करायचं, साधारण तीन महिने थांबायचं आणि मगच पुढे. मधल्या काळात गरोदरपणात चालणारी औषधं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी आजार काही महिने शांत राहू दे, मग गोळी बंद करू. तो शांत राहिला. पण जी गोळी माझी बोटं वाचवत होती ती हातातून सोडायची, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती. नवरा म्हणाला, "तुला नको वाटलं तर नको करू या." तो मनापासून म्हणाला. पण हवं मलाच होतं.

आणि इथे या पेशींची सगळ्यात नवलाची गोष्ट येते. बाळ अर्धं आईचं, अर्धं बाबाचं. म्हणजे इम्युनिटीच्या हिशेबाने ते अर्धं परकं. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती फेकून द्यायला बघतं, पण हे अर्धं परकं बाळ नऊ महिने पोटात सुखाने वाढतं. कसं? गरोदरपणात आईची यंत्रणा आपले नियम बदलते आणि त्यात रेग्युलेटरी टी सेलचा मोठा वाटा असतो. उंदरांवरच्या प्रयोगात या पेशी काढून टाकल्यावर बापाचं वेगळेपण घेतलेले गर्भ टिकले नाहीत. म्हणजे आपण सगळेच या जगात आलो ते एका सैन्याने हत्यार खाली ठेवलं म्हणून.

याचाच एक फायदा माझ्यासारखीला मिळू शकतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच या डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं की रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या अनेक बायकांचे सांधे गरोदरपणात आपोआप शांत होतात. शरीरातच कुठलंतरी औषध तयार होत असणार, असं त्यांना वाटलं. तो माग काढत १९४८ मध्ये त्यांनी कॉर्टिसोन पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं आणि १९५० मध्ये नोबेल मिळालं. कॉर्टिसोनचे दुष्परिणाम लवकरच सगळ्यांना कळले. पण गरोदरपणातल्या त्या शांततेचं निरीक्षण आजही खरं आहे.

सगळ्यांनाच ती शांतता मिळते असं नाही. आणि मिळाली तरी बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा आजार उसळतो. माझी भीती तिथे आहे. बाळाला उचलायचे, लंगोट बदलायचे, रात्री तीनला दुधाच्या बाटलीचं झाकण फिरवायचे हात हेच. ही भीती मी डॉक्टरांपासून लपवली नाही. त्या म्हणाल्या, "तेव्हाचं प्लॅनिंग आत्ताच करू. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. आणि पहिले महिने घरात माणसं लागतील." माणसांची सोय झालीये. आई पहिले तीन महिने येणार आणि सासूबाईंनी जाहीर केलंय की बाटलीचं झाकण त्या फिरवतील, फक्त काढ्याबद्दल कुणी बोलू नका.

तुमच्यासाठी एवढंच सांगते. सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं तासाहून जास्त वेळ आखडत असतील, दोन्ही हातांना सारखी सूज असेल आणि हे काही आठवडे चालू असेल, तर कीबोर्ड बदलत बसू नका. रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. आणि चेकअपच्या रिपोर्टमध्ये ती पाच नावं दिसली की क्षणभर थांबा. ती बिचारी रोज लढतात हे तर आहेच, पण रोज कितीतरी वेळा ती न लढता परत फिरतात. तुमची बोटं हलताहेत ती त्यामुळे.

मेथोट्रेक्सेट बंद करून आज अकरा आठवडे झाले. सकाळी डोळे उघडले की मी अजून पांघरुणातच दोन्ही मुठी वळून बघते. आज उजवी पूर्ण वळली, डावीची करंगळी जरा मागे राहिली. नवऱ्याने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "दहापैकी नऊ." तो उठून चहा ठेवायला गेला आणि मी कॅलेंडरवर आणखी एक फुली मारली.